काहीही न होऊ देणारी टिकली

मासाहिको हानावांनी एकाच कारखान्यात अडतीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केली. पण त्या अडतीस वर्षांत त्यांनी नेमकं काय केलं, हे त्यांच्या बायकोलाही चारचौघांत सांगता येत नसे. पूल बांधणारा माणूस नातवंडांना पूल दाखवतो. मिठाईवाला निदान खोकं उघडून तोंड गोड करतो. हानावा व्हॅरिस्टर बनवत, आणि व्हॅरिस्टरने आपलं काम चोख बजावलं की काय होतं, तर काहीच होत नाही. आता न झालेली गोष्ट कोणाला कशी दाखवणार?

व्हॅरिस्टर म्हणजे जस्ताच्या भस्माची, भट्टीत भाजून काढलेली, शर्टाच्या बटणाएवढी टिकली. शाळेत आपल्याला शिकवतात की विजेचा दाब दुप्पट केला की प्रवाह दुप्पट होतो आणि आलेख फूटपट्टीने ओढल्यासारखा सरळ येतो. ही टिकली तो नियम धाब्यावर बसवते. जपानी घरातल्या शंभर व्होल्टला ती घोरत पडलेली असते, दीडशेला कूससुद्धा बदलत नाही. पण आभाळातली वीज जवळपास पडून तारेतून हजारोंचा लोंढा आला, की तिचा सगळा विरोध एका क्षणात गळून पडतो आणि तो लोंढा ती स्वतःच्या अंगावरून जमिनीत सोडून देते. मागचा टीव्ही वाचतो. टिकली कधी वाचते, कधी जळून जाते. जमिनीलगत बराच वेळ चाललेल्या मुंगीने एकाएकी भिंत चढावी तसा तिचा आलेख दिसतो. हा मुंगीचा आलेख हानावांनी लग्नांत, निरोपसमारंभांत, एकदा तर दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत, हाताला येईल त्या कागदावर काढून दाखवला होता. डॉक्टरने त्या दिवशी भूल जरा जास्तच दिली, असं त्यांच्या बायकोचं, सुमिएचं, मत होतं.

बरं, राहायला उत्सुनोमिया. उन्हाळ्यात दुपारचे चार वाजले की या गावावर आभाळ हजेरी लावतं. वीज कडाडली की इथली पोरं पोट झाकून पळतात, कारण मेघदेव पोरांच्या बेंब्या पळवतो, असं त्यांच्या आज्यांनी सांगितलेलं असतं. अशा गावात, अशा माणसाच्या घरी, विजेच्या मुख्य पेटीवर एकही व्हॅरिस्टर नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सुमिए दर उन्हाळ्यात विचारी आणि हानावा दर उन्हाळ्यात सांगत, की सवडीने बसवू. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सवड काही मिळाली नव्हती.

सोमवारी चार वाजता वीज पडली ती कोपऱ्यावरच्या खांबाच्या आसपास, आणि हानावांच्या घरातलं नेमकं एकच उपकरण गेलं. टीव्ही नाही, फ्रिज नाही. गेली ती संडासातली गरम बैठक.

नुसती गरम नव्हे. ती धूत असे, वाळवत असे, आणि आतले आवाज बाहेर जाऊ नयेत म्हणून झऱ्याचा खळखळाटही ऐकवत असे. एरवी हानावांनी आठवडाभर थंड बैठकीवर दात आवळून दिवस काढले असते. पण येत्या रविवारी त्यांच्या एकुलत्या एक मुलीचे, चिहारूचे, होणारे सासू-सासरे जेवायला यायचे होते. इमानिशी कुटुंब क्योतोचं. किमोनोच्या पट्ट्यावर बांधायच्या रेशमी दोऱ्या विणून विकण्याचं त्यांचं दुकान सहा पिढ्यांचं. वसंतात तिकडे पहिली भेट झाली होती आणि हानावांनी त्या भेटीत चाळीस मिनिटं मुंगीचा आलेख समजावून सांगितला होता. इमानिशीबाई शेवटी फक्त एवढंच म्हणाल्या होत्या, की किती बारकाईने सांगता तुम्ही. क्योतोच्या बाईने असं म्हटलं की मुलीकडच्यांनी परतीची गाडी बघायची असते. त्यानंतर तीन महिने तिकडून हूं की चूं नव्हतं. मग निरोप आला होता, की तुमचं घर एकदा बघून घेऊ आणि मग ठरवू.

चिहारूने तोक्योहून फोन करून बापाला एकच अट घातली होती. "बाबा, हवापाण्याचं बोला, जेवणाचं बोला. पण आलेख काढायचा नाही. काढलात तर मी आयुष्यभर बिनलग्नाची तुमच्या उरावर बसेन."

आता घर बघायला येणारी बाई घरातली ती खोली बघणारच. दुकानदाराने नवी बैठक द्यायला दहा दिवस मागितले, कारण सोमवारच्या विजेने निम्म्या गावाच्या बैठकी थंड पडल्या होत्या. हानावा म्हणाले, त्यात काय, मीच करतो.

मंगळवारी त्यांनी बैठक काढून जेवणाच्या टेबलावर घेतली. सुमिएने मुकाट्याने टेबलावरचं जेवण उचललं. बैठकीचं पोट उघडल्यावर आतून एक काळी ठिक्कर पडलेली टिकली निघाली. भिंगातून पाहिल्यावर तिच्या कडेचा आकडाही दिसला. तीन नंबरच्या भट्टीतली होती, म्हणजे हानावांच्याच. त्यांना भरून आलं. त्यांनी सुमिएला हाक मारली आणि सांगितलं की बघ, कामावर असताना मेली.

"म्हणजे तुमच्याच टिकलीने बैठक बिघडवली," सुमिए म्हणाली.

हानावांनी समजावलं, की टिकलीने लोंढा अंगावर घेतला, तिच्यापायी फ्यूज उडाला, म्हणून तर मागचं सगळं यंत्र वाचलं.

"वाचलं, पण चालत नाही."

"चालत नाही, पण वाचलं."

या मुद्द्यावर त्यांचं चौतीस वर्षं एकमत झालेलं नव्हतं. बुधवारी सकाळी हानावा उठायच्या आत सुमिएने ती टिकली न जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत घालून कोपऱ्यावर ठेवूनही दिली, कारण बुधवार हा न जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस. हानावा पायजम्यावर धावले, पण गाडी वळणावरून गेली होती. तीन नंबरच्या भट्टीचा हा अपमान त्यांनी न्याहारीबरोबर गिळला.

दुरुस्ती मात्र झाली. कपाटात बिस्किटाच्या डब्यात कारखान्यातल्या टिकल्या होत्याच. बुधवारी दुपारी बैठक परत गरम झाली आणि झराही खळखळला. शहाण्या माणसाने इथे थांबून चहा प्यायला असता. पण हानावांच्या मनात आलं, की रविवारी चार वाजता पाहुणे घरात असतानाच पुन्हा वीज पडली तर? ही म्हणजे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा अशी गत झाली. बोळा दरवाजालाच घालायला हवा, म्हणजे मुख्य पेटीवरच मोठ्या टिकल्यांचा वीजरक्षक बसवायला हवा. काम पंधरा मिनिटांचं.

इथे पहिलं घोडं अडलं. ज्या माणसाने लाखो व्हॅरिस्टर भाजले, त्याला स्वतःच्या घरातल्या पेटीला एक जोडायची कायद्याने परवानगी नव्हती. त्याला परवानाधारक वायरमन लागतो. हानावांचा शाळासोबती मासुबुची परवानाधारक होता. शाळेत असताना त्याला गणितात कायम हानावांच्या वहीचा आधार लागे. तो फोनवर म्हणाला, रविवारी सकाळी दहाला येतो, शनिवारी जमीन बघून जातो, आणि तू कशालाही हात लावू नकोस, तुला काय कळतंय त्यातलं.

दुसरं घोडं म्हणजे वसाहतीच्या शेजारमंडळाचे अध्यक्ष यागिसावा. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून या गृहस्थांना भरलेल्या अर्जाचा वास आला नाही की अन्न गोड लागत नसे. वसाहतीत कोणतंही काम काढायचं तर त्यांचा एक अर्ज होता. हानावांनी तो खरा खरा भरला. ट्रक किती: शून्य. मजूर: एक. धूळ: नाही. मुदत: पंधरा मिनिटं. कामाचा उद्देश: काहीही होऊ नये.

यागिसावांनी अर्ज परत केला. ते म्हणाले, "हानावासान, मागे एकाने ट्रक शून्य लिहिलं होतं. त्याने घर पाडलं. आणि उद्देश म्हणून हे काय लिहिलंत? काहीही होऊ नये असं वाटतं, तर काम कशाला काढताय?"

हानावांनी खिशातून पेन काढलं होतं, पण मुलीची अट आठवून परत ठेवलं. शेवटी उद्देश 'सुधारणा' आणि मुदत 'सुमारे एक दिवस' असं ठरलं. राहता राहिला शेवटचा रकाना, समोरच्या तीन आणि बाजूच्या दोन घरांना आगाऊ भेटून झालं का. पंधरा मिनिटांच्या कामासाठी कोणी भेटत नाही. पण 'नाही' लिहिलं तर अर्ज अडणार, आणि 'हो' लिहून न जाणं हानावांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी 'हो' लिहिलं, शिक्का मारला आणि निघाले.

अशा वेळी शेजाऱ्याला एक टॉवेल द्यायचा असतो. पातळ, कागदात गुंडाळलेला, पुढेमागे फरशी पुसायच्या कामी येणारा. घरात टॉवेल नव्हता आणि सुमिए बहिणीकडे गेली होती. कपाटात मात्र उन्हाळी भेटींत आलेली योकानची खोकी पडून होती. योकान म्हणजे कडधान्याची गोड, घट्ट वडी, चवीला बेताची आणि वजनाला विटेसारखी. हानावांनी पाच खोकी उचलली. एका दगडात दोन पक्षी, अशा आनंदात ते बाहेर पडले. शेजारधर्म पाळल्यासारखं होईल आणि कपाटही मोकळं होईल.

त्या वसाहतीत हा हिशेब पोराबाळांनाही पाठ असतो, की भेट जितकी जड तितका त्रास मोठा. टॉवेल आला तर नळ बदलतायत. बिस्किटं आली तर छप्पर. योकानचं अख्खं खोकं कधी कोणी दिलंच नव्हतं. डावीकडच्या ओनुकी आजींनी खोकं हातात घेतलं, वजनाने त्यांचा हात खाली गेला आणि त्यासरशी चेहराही उतरला.

"फारच छोटं काम आहे, आजी," हानावा कमरेत वाकून म्हणाले. "तुम्हाला उगाच त्रास."

शेजाऱ्याने काम काढलं की हेच म्हणायचं असतं. घर मुळापासून पाडून नवं बांधणारासुद्धा हेच म्हणतो. त्यामुळे हानावा खरं बोलत होते, तरी ते खरं वाटण्याची काही सोयच नव्हती. ते जितकं छोटं म्हणत, तितकं पाचही घरांत काम वाढत गेलं. आणि नेमकं काय काढलंय, असं तोंडावर विचारण्याइतकं असभ्य तिथे कोणी नव्हतं. सगळ्यांनी आपापल्या घरी बसून विचार केला.

सुमिए परत आली आणि कपाटात एकच खोकं उरलेलं बघून मटकन खाली बसली. "अहो, दोन दोन किलोची खोकी? टॉवेलाऐवजी? उद्या सगळा मोहल्ला बिऱ्हाड हलवेल." हानावांनी तिला सांगितलं की तू राईचा पर्वत करतेस.

शनिवारी मासुबुची आला. वीजरक्षकाने लोंढा जमिनीत सोडायचा, तर जमिनीत तांब्याची एक सळई ठोकावी लागते. ती कुठे उतरेल हे बघायला त्याने बागेत तीन ठिकाणी लोखंडी काटा खुपसून बघितला, माती हातात घेऊन चुरली आणि गेला. ओनुकी आजींनी कुंपणावरून हे सगळं पाहिलं. पाया खणायच्या आधी माती तपासतात, हे त्यांना ठाऊक होतं. हानावांची मुलगी लग्नाची आहे, हेही ठाऊक होतं. दोनात दोन मिळवून त्यांनी चांगले सतरा केले. हानावा वर मजला चढवतायत, तो मुलीसाठी, आणि जावई घरजावई म्हणून येतोय. संध्याकाळपर्यंत हे पाचही घरांत पक्कं झालं. परतभेटी यायला लागल्या. आजींनी टोपलीभर काकड्या दिल्या. समोरच्यांनी गोठवलेल्या ग्योझाच्या शंभर करंज्या दिल्या आणि बायकामुलांसकट भावाकडे राहायला निघून गेले. पलीकडच्याने गाडी दुसऱ्या गल्लीत नेऊन लावली. आजींनी आपले कुंडीतले बुटके पाइन जुन्या चादरीत गुंडाळले. हानावांना वाटलं, किती चांगले शेजारी आहेत.

रविवारी मासुबुची दहाला आला नाही. त्याचा फोन आला, की सोमवारच्या विजेची कामं उरकून दोनला येतो. इमानिशी मंडळी साडेबाराला यायची होती. साडेबाराला त्यांची टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी आली, तर तिथे यागिसावा डोक्यावर हेल्मेट घालून, हातात लाल दांडा घेऊन उभे. त्यांनी टॅक्सी अडवली आणि पुढे मोठं काम आहे, पायी जा, असं आदबीने सांगितलं. ऑगस्टच्या उन्हात, पाच पदरी किमोनोतल्या इमानिशीबाई, त्यांचे अबोल यजमान आणि मुलगा रेइजी गल्लीतून चालत आले. चिहारू पुढे धावली. पण तिच्याआधी ओनुकी आजी फाटकाशी पोचल्या होत्या.

"अभिनंदन हो," आजी इमानिशीबाईंना म्हणाल्या. "एकुलता एक मुलगा इकडे द्यायचा म्हणजे केवढं मोठं मन लागतं. काळजी करू नका, वरचा मजला त्याच्यासाठीच काढतायत. माती चांगली निघालीय."

सहा पिढ्यांच्या दुकानाची मालकीण फाटकात क्षणभर उभी राहिली, आजींपुढे नीट वाकली आणि आत आली. तिच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नव्हती. रेइजीचा मात्र रंग उडाला होता.

जेवण झालं, असं म्हणायचं. ईल मासा होता, काकड्यांची कोशिंबीर होती, आणि सगळे ते नुसतं चिवडत होते. मग इमानिशीबाईंनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. "आम्हाला जरा उशिरा कळलं, एवढंच," त्या म्हणाल्या. "काय बांधताय आपण?"

"काहीच नाही," हानावा म्हणाले.

"मग ही एवढी तयारी कशासाठी?"

"काहीही होऊ नये म्हणून."

हे शंभर टक्के खरं होतं आणि याहून वाईट उत्तर देता आलं नसतं. मजला नाही, वीजरक्षक आहे, हे सांगायचं तर वीजरक्षक काय ते सांगायला हवं. ते सांगायचं तर टिकली आली, आणि टिकली आली की आलेख आलाच. समोर चिहारू डोळे वटारून बसली होती. गप्प राहावं तर लग्न मोडतंय आणि बोलावं तरी मोडतंय. तेवढ्यात बागेत मासुबुची येऊन थेट कामाला लागला आणि सळईवर घणाचे घाव पडू लागले. प्रत्येक घावाला इमानिशीबाईंच्या पेल्यातला चहा थरथरत होता. आजी खिडकीबाहेरून, पाया सुरू झाला बघा, असं कोणाला तरी सांगत होत्या, तेही ऐकू आलं.

सुमिए आतापर्यंत वाढत होती. तिने भाताचं भांडं खाली ठेवलं. चौतीस वर्षं ती पाहुण्यांसमोर नवऱ्याच्या कामाविषयी एक शब्दही बोलली नव्हती. तिने आपल्या चॉपस्टिकची कागदी पिशवी सरळ केली, हानावांच्या खिशातून पेन ओढून घेतलं आणि इमानिशीबाईंच्या शेजारी जाऊन बसली.

"हा विजेचा दाब," तिने आडवी रेघ काढली. "हा प्रवाह. ही मुंगी. इथपर्यंत ती जमिनीवरून चालते. तिचं कोणाशी काही नाही. इथे आली की भिंत चढते, आणि वरून आलेलं सगळं जमिनीत जातं. मागे कोणाला काही होत नाही. बाहेर सळई ठोकतायत ती ह्याच जमिनीत. मजला नाही, काही नाही. मुलगा तुमचाच आहे, दुकानातच राहील. तुम्ही आल्यावर आमच्या संडासाची बैठक बंद पडू नये, म्हणून हा सगळा तमाशा आहे."

हानावा तोंड उघडं टाकून बघत होते. हिने कधी ऐकलं हे सगळं? ते बोलत असताना ती नेहमी भांडी घासत असे.

"ह्यांनी अडतीस वर्षं तेच केलं," सुमिए म्हणाली. "मला त्यातलं कधी काही दिसलं नाही. म्हणजे चांगलंच केलं असणार."

इमानिशीबाईंनी कागद जवळ ओढला आणि बराच वेळ पाहिला. मग आडव्या रेघेच्या खालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "आणि दाब उलट्या बाजूने आला तर?"

अडतीस वर्षांत हा प्रश्न हानावांना एकाही माणसाने विचारला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चिहारूकडे पाहिलं. चिहारूने सुस्कारा टाकला आणि होकारार्थी मान डोलावली.

"उलटं आलं तरी तशीच," हानावा म्हणाले. "तिला दोन्ही बाजू सारख्या. माहेर, सासर, भेद नाही." आणि त्यांनी सुमिएच्या हातातलं पेन घेऊन खालची अर्धी मुंगी पुरी केली. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नाही. एवढ्या कमी वेळात ते याआधी कधी थांबले नव्हते.

तीनला मासुबुचीने पेटीचं झाकण लावलं. पावणेचारला आभाळ काळं झालं आणि पाऊस कोसळला. मजला बघायला जमलेले शेजारी, हेल्मेटसकट यागिसावा आणि ओनुकी आजी हानावांच्या दारातल्या पायरीवर चढून दाटीवाटीने उभे राहिले. नेमकी हीच वेळ साधून इमानिशीबाईंनी ती खोली कुठे आहे, असं सुमिएला हळूच विचारलं.

त्या आत गेल्या. आतून झऱ्याचा खळखळाट ऐकू येऊ लागला. हानावा पॅसेजमध्ये उभे होते. सभ्य माणसाने उभं राहू नये अशी ती जागा होती, पण त्यांचे पाय तिथून हलेनात. चार वाजून तीन मिनिटांनी सगळं घर पांढरं झालं आणि त्याच क्षणी कानठळ्या बसल्या. दिवे गेले. झरा थांबला. दारातल्या सगळ्यांचे हात आपसूक पोटावर गेले. आजींचे, मासुबुचीचे, यागिसावांचेसुद्धा. हानावांनीही बेंबी घट्ट धरली होती. त्यांनी मनातल्या मनात एक, दोन, तीन मोजलं.

दिवे आले. झरा पुन्हा खळखळू लागला.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. इमानिशीबाई बाहेर आल्या. दोन्ही हात किमोनोच्या पट्ट्यावर, नेमके बेंबीवर दाबलेले. दारातले दहा लोक आणि त्या एकमेकांकडे बघत राहिले.

"माझी आजी इकडची होती," इमानिशीबाई म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. त्यांचे यजमान दिवसभरात पहिल्यांदाच काहीतरी बोलले. ते म्हणाले की लग्नाला छत्तीस वर्षं झाली, हिला असं हसताना मी पाहिलंच नव्हतं.

"आत काही झालं नाही ना?" सुमिएने विचारलं.

"काहीच झालं नाही. पाणीसुद्धा कोमटच होतं."

हानावांच्या आयुष्यातला हा सर्वोच्च क्षण असायला हवा होता. पण पाऊस थांबला, शेजारी आपापल्या घरी गेले आणि दहा मिनिटांत एकेक बातमी परत आली. यागिसावांची बैठक गेली. आजींचा भाताचा कुकर गेला. पलीकडच्याचा टीव्ही गेला. सगळे एकमुखाने म्हणाले, की हानावांचं नशीब थोर, त्यांना काही झालं नाही. नशीब. हा शब्द हानावांना फार लागला. ते पेन घेऊन त्यांच्या मागे जाणार होते, पण सुमिएने बाही धरली.

जाताना इमानिशीबाईंनी ती कागदाची पिशवी घडी करून पट्ट्यात खोचली. सोमवारी चिहारूचा फोन आला, की लग्न नोव्हेंबरात, आणि सासूबाईंना दुकानात तसली पेटी बसवून हवी आहे. यागिसावांनी काम पुरं झाल्याचा अर्ज आणून दिला. त्यात एक रकाना होता, कामामुळे काय फरक पडला. हानावांनी 'काहीही नाही' लिहिलं, आणि या वेळी अर्ज परत आला नाही.

मंगळवारी मासुबुची पुन्हा आला. वीजरक्षकावरची हिरवी खिडकी लाल झाली होती, म्हणजे आतली टिकली कामी आली होती. त्याने नवी बसवली आणि जुनी हानावांच्या तळहातावर ठेवली. ही त्याच्या गोदामात पाच वर्षं पडून होती, असं तो म्हणाला. हानावांनी ती भिंगातून पाहिली. तीन नंबरची भट्टी. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि मासुबुचीला सोडायला फाटकापर्यंत गेले. तिथे आजींनी त्यांना अडवून मजला का रद्द केलात, म्हणून अर्धा तास छेडलं.

परत आले तर टेबल पुसलेलं होतं आणि टिकली जागेवर नव्हती. हानावा स्वयंपाकघरात गेले, कचऱ्याची पिशवी चाचपली, मग आतल्या खोलीत गेले. तिथे देव्हाऱ्यात त्यांच्या वडिलांच्या फोटोशेजारी छोट्या बशीत ती काळी टिकली ठेवली होती. पुढे उदबत्ती लावलेली होती आणि योकानची एक पातळ वडी कापून ठेवलेली होती.

सुमिए मागून आली, हात एप्रनला पुसत. तिने फोटोकडे पाहिलं आणि मग दुसरीकडेच बघत म्हणाली, "न जळणारा कचरा आता पुढच्या आठवड्यात आहे. तोवर राहू दे तिथे."

हानावांनी मान डोलावली. फ्रिजच्या दारावर लावलेल्या कचऱ्याच्या वेळापत्रकात उद्याच्या बुधवारावर, न जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवसावर, लाल शाईने गोल केलेला होता. तो सुमिएनेच केला होता. हानावांनी ते वेळापत्रक पाहिलं नाही असं दाखवलं आणि चहा टाकायला गेले.